‘सांगू नकोस, अडकशील!’

कॉलेजच्या कट्ट्यावर काही मतं रेडिमेड मिळतात, चहाबरोबर क्रीमरोल मिळावा तशी. ‘ओपन सोर्स? म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर ना? त्याचा कोड सगळ्यांना दिसतो, मग ते कोणीही हॅक करणार.’ हे एक मत. ‘माझ्या फोनमध्ये चोरण्यासारखं आहेच काय?’ हे दुसरं. तिसरं मत तर दोन टोकांना बसलेलं असतं. एका टोकाला ‘ड्रग्ज घेणाऱ्या सगळ्यांना आत टाका, बरोबर लायनीवर येतील’ आणि दुसऱ्या टोकाला ‘गांजा नॅचरल आहे यार, लीगल करून टाका, विषय संपला’.

तीन विषय, तीन वेगळी डिपार्टमेंट्स. कम्प्युटरवाले पहिल्या दोनांवर वाद घालतात, लॉ आणि सोशल वर्कवाले तिसऱ्यावर. पण जरा थांबून पाहिलंत, तर तिन्हीकडे एकच प्रश्न उभा दिसतो. एखादी चूक, एखादं भगदाड, एखादं व्यसन जो उघड करतो, त्याचं आपण काय करतो? त्याचं ऐकतो, की त्यालाच धरतो?

बहुतेक वेळा आपण त्यालाच धरतो. म्हणून तर मित्राला दिला जाणारा सगळ्यांत कॉमन सल्ला ‘सांगू नकोस, अडकशील’ हा आहे. आमचं म्हणणं असं, की हा सल्ला देणाऱ्या मित्राला दोष देऊन उपयोग नाही. तो अनुभवाचं बोलतोय. ज्या व्यवस्थेत सांगणारा अडकतो आणि गप्प बसणारा सुटतो, ती व्यवस्था आधी दुरुस्त करायला हवी. आणि त्याची सुरुवात तुमच्या कॉलेजपासून होऊ शकते.

मुक्त वेगळं, मोफत वेगळं

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने ओपन सोर्सचं बरंच नुकसान केलंय. फुकट असाही अर्थ, स्वतंत्र असाही अर्थ. मराठीत हा घोळ व्हायचं कारणच नाही. आपल्याकडे ‘मोफत’ वेगळं आणि ‘मुक्त’ वेगळं. ओपन सोर्स सॉफ्टवेअर बहुतेक वेळा मोफत मिळतं हे खरं, पण त्याचं वैशिष्ट्य ते मुक्त असण्यात आहे. त्याचा कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि परवान्याच्या अटी पाळून पुढे वाटू शकतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जगासमोर ठेवलं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याच वयाचा. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकम्प्युटरच्या यादीतला एकूण एक सुपरकम्प्युटर नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. फुकटच्या, कच्च्या वस्तूवर कोणी एवढा भरवसा टाकत नाही.

आता ‘कोड दिसतो म्हणजे चोराला वाट दिसते’ या मताकडे येऊ. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने सैन्याच्या सांकेतिक निरोपांबद्दल एक तत्त्व मांडलं. त्याचा मथितार्थ असा, की आपली अख्खी पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी निरोप सुरक्षित राहायला हवा. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. घराच्या कुलपासारखंच आहे हे. कुलूप आतून कसं चालतं हे बाजारातल्या प्रत्येक किल्लीवाल्याला माहीत असतं, म्हणून आपण कुलूप लावायचं सोडत नाही. तुमच्या वाय-फायमध्ये वापरली जाणारी एईएस नावाची पद्धत अशीच जगजाहीर आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने ती निवडलीच मुळी खुल्या स्पर्धेतून. १९९७ मध्ये आवाहन झालं, जगभरच्या तज्ज्ञांनी आपापल्या पद्धती मांडल्या, एकमेकांच्या फोडून पाहिल्या. त्या माऱ्यातून टिकलेली पद्धत २००१ मध्ये मानक ठरली.

पण लगेच टाळ्या नकोत. ‘ओपन आहे म्हणजे सेफ आहे’ हेही रेडिमेड मतच आहे. ओपनएसएसएल हे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर. मार्च २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या आवृत्तीत एक चूक शिरली. बाहेरच्या माणसाला सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, अगदी पासवर्डसुद्धा, वाचता येईल अशी. ती जगासमोर आली एप्रिल २०१४ मध्ये, ‘हार्टब्लीड’ या नावाने. दोन वर्षं कोड सगळ्यांसमोर उघडा पडला होता. अख्खं जग ते सॉफ्टवेअर वापरत होतं, पण तो कोड खरोखर वाचणारी आणि सांभाळणारी माणसं मूठभर होती. पुस्तक लायब्ररीत ठेवलं म्हणजे ते कोणी वाचलं असं होत नाही, तसंच हे. या धक्क्यानंतर मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांना पैसे द्यायला सुरुवात केली.

याच्या उलट बाजूची गोष्ट मार्च २०२४ ची. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला चाचण्या करताना जाणवलं, की लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढ्याशा गोष्टीकडे आपण काणाडोळा केला असता. त्याने माग काढला. लिनक्सच्या अनेक प्रकारांत असलेल्या ‘एक्सझेड’ या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता आणि मग हा डाव टाकला होता. फ्रॉइंडने जे दिसलं ते लिहून जाहीर केलं. लगोलग ती आवृत्ती मागे घेतली गेली. ती सगळीकडे पोहोचली असती, तर जगभरच्या असंख्य सर्व्हरच्या किल्ल्या परक्याच्या हातात गेल्या असत्या.

या गोष्टीत आणखी एक बारीक मुद्दा आहे. फ्रॉइंडला ‘तू तिथे नाक खुपसायला गेलासच कशाला?’ असं कोणी विचारलं नाही. लोकांनी आभार मानले. उघडा कोड, तो वाचणारा माणूस, आणि त्या माणसाला निर्धास्तपणे सांगता येईल अशी जागा. या तीन गोष्टी एकत्र आल्या की सुरक्षा तयार होते. यातली तिसरी आपण कायम विसरतो.

एफ-१२ दाबणारा गुन्हेगार?

विसरल्यावर काय होतं, ते अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात दिसलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सेंट लुईसमधल्या एका दैनिकाच्या बातमीदाराला सरकारी शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर एक विचित्र गोष्ट दिसली. पान नेहमीसारखंच होतं, पण ब्राउझरमध्ये त्याचा सोर्स उघडला की त्यात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर होते. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून आपण पानाच्या मागचं बघतो, तेवढंच हे काम. बातमीदाराने खात्याला कळवलं. दुरुस्ती होईपर्यंत दैनिकाने बातमी थांबवून धरली. यापेक्षा जबाबदारीने आणखी काय करायचं असतं?

राज्याच्या गव्हर्नरनी पत्रकार परिषद घेऊन बातमीदाराला हॅकर ठरवलं आणि खटल्याची भाषा केली. पोलीस चौकशी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने खटला भरायला नकार दिला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. आणि नंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांतून कळलं, की शिक्षण खात्याने सुरुवातीला जे निवेदन तयार केलं होतं, त्यात बातमीदाराचे आभार मानायचं ठरलं होतं!

आपल्याकडेही असं घडलंय. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ने बातमी दिली, की ५०० रुपये मोजले की लोकांच्या आधारची माहिती दाखवणारं लॉगिन मिळतं. बायोमेट्रिक माहिती फुटलेली नाही, असा खुलासा आधार प्राधिकरणाने केला. पण प्राधिकरणाच्या तक्रारीवरून जो गुन्हा नोंदला गेला, त्यात बातमीदाराचंही नाव होतं. संपादकांच्या संघटनेने निषेध केल्यावर सरकारने सांगितलं, की गुन्हा अज्ञात आरोपींविरुद्ध आहे. पण तोपर्यंत देशभरच्या उत्साही पोरापोरींपर्यंत जायचा तो मेसेज गेलाच. दिसलं तरी बोलू नका.

दुसरा रस्ताही याच देशाने दाखवलाय, हेही सांगायला हवं. कोविडच्या काळात एप्रिल २०२० मध्ये आरोग्य सेतू अ‍ॅप आलं, तेव्हा त्याच्या कोडबद्दल आणि खासगीपणाबद्दल खूप प्रश्न विचारले गेले. मेच्या शेवटी सरकारने त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला केला आणि त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीसही जाहीर केलं. म्हणजे ‘चूक दाखवा, आम्ही ऐकतो’ असं सरकार म्हणू शकतं. म्हणायचं ठरवलं पाहिजे.

आता हे तुमच्या अंगणात आणू. समजा, तुम्ही कॉलेजच्या पोर्टलवर स्वतःची गुणपत्रिका बघताय. वरच्या पत्त्यात तुमचा सीट नंबर दिसतोय. टाइप करताना एक आकडा चुकला आणि समोर दुसऱ्याच मुलीची गुणपत्रिका आली, तिच्या फोन नंबरासकट. काय कराल? कॉलेजला सांगितलंत तर ‘तू आमच्या सिस्टीममध्ये घुसलासच कसा’ हा प्रश्न पहिला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय कम्प्युटर प्रणालीत शिरण्याबद्दल भरपाईची तरतूद करतं. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतूचा मुद्दा कायद्यात आहे. पण तुमचा हेतू साफ होता हे शाबित होईपर्यंतच्या चकरा कोण मारणार? मग ग्रुपवरचा मित्र लिहितो, ‘भावा, डिलीट मार. सांगू नकोस, अडकशील.’ तुम्ही गप्प बसता. भगदाड तसंच राहतं. आणि ज्याचा हेतू खरंच वाईट आहे, तो कधीच कोणाची परवानगी मागायला येत नसतो.

असं काही दिसलंच, तर काही पथ्यं पाळा. एकदा दिसलं की तिथेच थांबा, ‘अजून किती निघतंय बघू’ म्हणून आकडे बदलत बसू नका. दुसऱ्याची माहिती डाउनलोड करू नका, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. काय, कधी, कसं दिसलं हे दोन ओळींत लिहा आणि शिक्षकांना सोबत घेऊन लेखी कळवा. देशपातळीवर अशा त्रुटी कळवून घेणारी ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था आहे, तिलाही कळवता येतं. बदल्यात पैसे मागणं, धमकावणं हे मात्र साफ गुन्ह्यात जमा होतं.

लाजेपायी पैसे जातात

‘माझ्या फोनमध्ये आहेच काय?’ या मताचं उत्तर सोपं आहे. तुमच्या फोनमध्ये तुम्ही आहात. तुमचा यूपीआय आहे, आईचा नंबर आहे, फोटो आहेत आणि तुमच्या नावावर दुसऱ्यांना गंडवायची सोय आहे. पण फसवणाऱ्यांचं सगळ्यांत मोठं हत्यार तंत्रज्ञानाचं नसतंच. ते असतं तुमची लाज.

व्हिडिओ लाइक करून पैसे कमवा म्हणणारं ‘टास्क’ असो, अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल आणि मग ‘रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवतो’ ही धमकी असो, की इंटर्नशिपसाठी भरलेलं डिपॉझिट असो. पैसे गेल्यावर पहिला विचार येतो, ‘घरी कळलं तर?’ बाबा म्हणणार, ‘शिकलेला ना तू? एवढी अक्कल नाही?’ म्हणून पोरं दोन दोन दिवस गप्प बसतात, आणखी पैसे भरतात, मित्रांकडून उसने घेतात. काही जण तर स्वतःच्या जिवाचं काही करून घ्यायच्या विचारापर्यंत पोहोचतात.

इथे वेळ हाच सगळा खेळ आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, की तक्रार नोंदवून बँकांच्या साखळीत पुढे गेलेले पैसे गोठवायचा प्रयत्न होतो. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून बाहेर काढण्याआधी तुमचा फोन पोहोचायला हवा. तुम्ही लाजेत घालवलेला प्रत्येक तास त्याला फुकट मिळालेला असतो. म्हणून आज घरी गेल्यावर एक गोष्ट करा. धाकट्या बहिणीला, भावाला, आणि हो, आजोबांनाही सांगून ठेवा, ‘कधी फसलात तर आधी मला सांगा, मी ओरडणार नाही.’ हे एक वाक्य तुमच्या अँटीव्हायरसपेक्षा जास्त कामाचं आहे.

आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही, ते

लाजेबरोबर भीतीही आली की काय होतं, ते व्यसनाच्या बाबतीत दिसतं. सुरुवातीलाच स्पष्ट करू, हा लेख अमली पदार्थांची बाजू घेणारा नाही. ‘नॅचरल आहे’ हा युक्तिवाद तर सोडूनच द्या. धोत्र्याचं बीसुद्धा नैसर्गिकच असतं. विशीच्या आसपास मेंदूची वाढ सुरू असते आणि त्या वयात सतत गांजा ओढणाऱ्यांमध्ये गंभीर मानसिक आजारांचा धोका वाढलेला आढळतो, हे डॉक्टर सांगत आलेत.

पण ‘सगळ्यांना आत टाका’ हे तरी कितपत चालतं? आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा. तो ढिला मुळीच नाही. व्यापारी मात्रेत माल सापडला, तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षं सक्तमजुरी आहे. नुसतं सेवन केलं तरी कलम २७ खाली हेरॉइन, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत आणि इतरांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. याच कायद्यात एक कलम असंही आहे, जे कट्ट्यावर कोणालाच माहीत नसतं. कलम ६४-अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. विकणाऱ्याला अर्थातच ही सवलत नाही. म्हणजे जो पुढे येऊन सांगेल त्याला मदत करावी, हे आपल्या कायद्यालाही पटलेलं आहे. हे कलम तुमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कधी पाहिलंय? ‘नशामुक्त भारत’चं पोस्टर असतं. त्यावर हे नसतं.

महाराष्ट्राला तर हा विचार नवा नाही. १९८०च्या दशकात ब्राउन शुगरने शहरांतली तरणीताठी पोरं गिळायला सुरुवात केली, तेव्हा डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणसाशी माणसासारखं बोलायचं, हा तिथला पाया. दारात येणाऱ्याला लाज वाटू नये, याची काळजी तिथे आधी घेतली गेली.

कायद्याची भीती नसली तरी लाज माणसाला अडवतेच. केंद्र सरकारसाठी एम्सच्या केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असा अंदाज निघाला. त्यातल्या दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी उपचार मिळालेले किती? ३८ जणांत एक. दारू पिणाऱ्याला कोणी एनडीपीएस लावत नाही, तरी हे चित्र. मग ज्याच्या मानेवर लाजही आहे आणि खटलाही, तो कोणाच्या दारात जाईल?

बाहेरच्या देशांचे दाखले दोन्हीकडून दिले जातात, म्हणून दोन्ही पाहू. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःच्या वापरापुरते, म्हणजे साधारण दहा दिवस पुरतील एवढे अमली पदार्थ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. ‘लीगल’ नाही केलं, विक्री आजही तिथे गुन्हाच आहे. सापडलेला माणूस कोर्टाऐवजी एका छोट्या समितीसमोर जातो, जी त्याला उपचारांकडे वळवते. सोबत उपचारकेंद्रांवर खर्च केला गेला. सुया टोचून घेणाऱ्यांमधली एचआयव्हीची नवी लागण पुढच्या वर्षांत खूप खाली आली. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२० मध्ये मतदान घेऊन साधारण तसंच करायचं ठरवलं. शिक्षा २०२१ पासून गेली, पण उपचारांचे पैसे केंद्रांपर्यंत पोहोचायला उशीर झाला, हेल्पलाइनला फोन करणारे थोडे निघाले आणि त्याच काळात फेंटानिलची लाट आली. लोक वैतागले. २०२४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ते पुन्हा गुन्ह्याच्या यादीत टाकलं.

हार्टब्लीड आठवतंय? तिथे कोड उघडा होता पण वाचणारे नव्हते. ओरेगनमध्ये शिक्षा हटली पण दाराशी सावरणारे पुरेसे नव्हते. नुसतं मोकळं केलं की आपोआप सगळं नीट होतं, हे दोन्हीकडे खोटं ठरलं. सांगणाऱ्याला शिक्षा नको, हे पहिलं पाऊल. त्याच्या सांगण्याला उत्तर देणारा माणूस तिथे हवा, हे दुसरं. पहिलं टाकून दुसरं न टाकणाऱ्यांमुळे पहिलंच बदनाम होतं.

आता सगळ्यांत अवघड प्रसंग. हॉस्टेलच्या रूमवर पार्टी झाली. एक मित्र निपचित पडलाय, हलवलं तरी उठत नाही, श्वास मंद झालाय. बाकीचे चौघे एकमेकांकडे बघतायत. अँब्युलन्स बोलावली तर रेक्टर येणार, पोलीस येणार, घरी फोन जाणार. कोणीतरी म्हणतं, ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.’ अशा वेळी सकाळ होतेच असं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूपाणी ओतू नका, त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा आणि त्याने काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. मित्र जगला तर तुमच्यावर रागावेल, तेवढं चालेल.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यांना याच भीतीतून सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. अपघातात जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून आता कोणाला जबरदस्तीने अडकवून ठेवता येत नाही. हॉस्टेलच्या रूममधल्या त्या चौघांना मात्र असं कोणतंही स्पष्ट आश्वासन नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि मग बरीच राज्यं त्या वाटेने गेली. आपल्याकडेही त्यावर चर्चा व्हायला हवी.

तीन मागण्या

देशाचा कायदा उद्या बदलणार नाही. पण कॉलेजचे नियम कॉलेजच करतं, आणि ते पुढच्या सत्रापासून बदलू शकतात. तीन गोष्टी मागा.

एक, वेबसाइट किंवा अ‍ॅपमधली त्रुटी कळवण्यासाठी एक ई-मेल पत्ता आणि त्याखाली लेखी हमी. ‘चांगल्या हेतूने, कोणाची माहिती न उचलता त्रुटी कळवणाऱ्या विद्यार्थ्यावर कॉलेज कारवाई करणार नाही.’ याला खर्च शून्य रुपये आहे. जमलं तर कॉलेजच्या सॉफ्टवेअरची तपासणी हाच कम्प्युटरवाल्यांचा प्रोजेक्ट करा. मुलं शिकतील आणि पोर्टलही सुधारेल.

दोन, हॉस्टेलच्या नियमावलीत ‘आधी दवाखाना, मग चौकशी’ हे कलम. मदतीसाठी फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी फोन केला त्याच्यावर, त्या प्रसंगापुरती, शिस्तभंगाची कारवाई नाही. विकणाऱ्याला माफी नाही.

तीन, व्यसनाबद्दल किंवा ऑनलाइन फसवणुकीबद्दल स्वतःहून बोलणाऱ्या मुलाचं नाव गुप्त ठेवणारा समुपदेशक. आणि नोटीस बोर्डावर चार नंबर: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, सायबर फसवणुकीसाठी १९३०, अँब्युलन्ससाठी १०८.

प्राचार्य म्हणतील, याने मुलं शेफारतील, कॉलेजचं नाव खराब होईल. त्यांना नम्रपणे विचारा, की सर, आज मुलं सांगत नाहीत म्हणजे काही घडतच नाहीये का? घडतंय, फक्त तुमच्यापर्यंत येत नाहीये. नाव खराब व्हायचं ते अशा गोष्टी खूप उशिरा बाहेर येण्याने होतं.

आणि हे सगळं मागताना स्वतःच्या ग्रुपकडेही बघा. पुढच्या वेळी एखादा मित्र ‘एक सांगायचं होतं’ म्हणून अडखळला, तर त्याची टिंगल करू नका, स्क्रीनशॉट काढू नका, लेक्चरही देऊ नका. ‘बोल, मी ऐकतोय’ एवढंच म्हणा. मग विद्यार्थी परिषदेच्या पुढच्या बैठकीत या तीन मागण्यांचा कागद घेऊन जा. सह्या गोळा करायला तुम्हाला कट्टा आहेच.